सुरांची नगरी व्हिएन्ना आणि तिच्या लेकी

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी लेखिका नव्हे आणि गाणारीही नव्हे; फार तर कानसेन म्हणा. परंतु मुलीकडे परदेशी जाऊन आल्यापासून हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीपाशी, देवळाच्या पायरीवर जी ती विचारू लागली, “काय काय पाहिलेत हो?” प्रत्येकीला तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे, म्हणून हा खटाटोप. त्यातून मंडळाचे हे अमृतमहोत्सवी वर्ष. मी जे पाहून आले, त्यातले बरेचसे आपल्या मंडळाच्या कानी घालण्याजोगे आहे. कसे, ते पुढे कळेलच.

आपणां मुंबईकरांना ‘ऑपेरा’ हा शब्द माहीत आहे तो बहुतेक बसच्या पाटीवरून. गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते झाले. पुढे त्याचे सिनेमागृह झाले, १९९३ साली ते बंद पडले आणि २०१६ साली डागडुजी होऊन पुन्हा उघडले. आमच्या आधीच्या पिढीने तिथे मराठी संगीत नाटके पाहिली. परंतु खरा ऑपेरा म्हणजे काय, हे विचाराल तर सोपे सांगते. आपले संगीत नाटकच, पण त्यात गद्य जवळजवळ नाही. पात्रे भांडतात ती गाऊन, पत्र वाचतात ते गाऊन, आणि मरतात तीसुद्धा गाऊनच! साथीला पेटी-तबल्याऐवजी रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसलेला वादकांचा मोठा ताफा.

आणि या गाण्याचे माहेरघर नसले तरी भरलेले सासर म्हणजे व्हिएन्ना. ऑपेरा जन्मला इटलीत. पण व्हिएन्नाला हाब्सबुर्ग घराण्याची राजधानी होती, बादशहा स्वतः वाद्य वाजविणारे, सरदार पदरी वादक बाळगणारे. आपल्याकडे जसे बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर या दरबारांनी गाणे पोसले, तसे तिथे झाले. ग्लुक, हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स ही सारी मंडळी त्या एका शहरात राहिली. तेव्हा जावईबापूंनी सुट्टी काढून “आई, कुठे जायचे?” असे विचारले, तेव्हा मी पर्वत नाही, सरोवर नाही, व्हिएन्ना म्हणाले.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही तिथल्या सरकारी ऑपेरागृहात गेलो. खुर्चीची तिकिटे फार महाग; परंतु उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी थोडक्या पैशात तिकिटे मिळतात. त्यासाठी खेळाच्या आधी रांग लावावी लागते. आपल्याकडे पूर्वी पिटातले प्रेक्षक असत ना, तसेच हे. आणि पिटातल्यांप्रमाणेच खरे जाणकारही तेच, असे म्हणतात. आत गेल्यावर कठड्याला आपला रुमाल बांधायचा. रुमाल बांधला की ती जागा आपली. मग खुशाल फिरून यावे, कोणी हात लावीत नाही. मी माझा पुण्याहून आणलेला सुती पंचा बांधला. शेजारच्या विद्यार्थिनीच्या रेशमी रुमालाशेजारी तो मोठ्या ऐटीत लोंबत होता.

ही इमारत १८६९ साली मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ने उघडली. तिच्यामागची कथा करुण आहे. बांधकाम चालू असतानाच समोरचा रस्ता उंच केला गेला, त्यामुळे इमारत बुटकी दिसू लागली आणि गावाने टिंगलीचा वर्षाव केला. ती बांधणारे दोघे मित्र होते, फान डेर न्युल आणि सिकार्ड्सबुर्ग. पहिल्याने १८६८ साली आत्महत्या केली आणि दुसराही दोन-अडीच महिन्यांत वारला. उद्घाटन दोघांनीही पाहिले नाही. पुढे १२ मार्च १९४५ रोजी बाँब पडून सारे आतून जळाले. दर्शनी भाग आणि जिना तेवढा वाचला. दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५५ रोजी ते पुन्हा उघडले. त्या दिवशी कोणता खेळ लावला, ते मी पुढे सांगणार आहे.

आम्ही पाहिला तो मोझार्टचा ‘फिगारोचे लग्न’. कठड्यावर लहानसा पडदा असतो, त्यावर शब्दांचे भाषांतर उमटते, त्यामुळे कथा समजते. जहागीरदार आपल्या बायकोच्या दासीवर डोळा ठेवून आहे, आणि दासी व मालकीण संगनमताने त्याची खोड मोडतात. त्यात केरुबिनो नावाचा एक पोरसवदा नोकर आहे. त्याचे काम ठरल्याप्रमाणे बाईच करते. मग नाटकात त्या ‘मुलाला’ मुलीचे कपडे घालतात! बाई, ती झाली मुलगा, आणि तो मुलगा पुन्हा बाई. मला हसू आवरेना. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हा शकुंतला पुरुषच होता, आणि पुढे बालगंधर्वांचा शालू पाहून आपल्या आज्या तसा शालू मागत. आपल्याकडे पुरुष बाई होत असे. इथे बाई मुलगा झाली होती.

मी वरच्या मजल्यावर उभी होते, त्यामुळे वादकांची जागा सरळ दिसत होती. व्हायोलिन, बासरी, चेलो घेऊन बसलेल्या बाया मी सहज मोजल्या, तर दहा-बारा तरी असाव्यात. मी मुलीला म्हटले, “पाहा, किती बाया आहेत!” ती म्हणाली, “आई, ही अलीकडचीच गोष्ट. १९९७ पर्यंत यांच्या संघात एकही बाई सभासद नव्हती.” मी चकितच झाले. रंगमंचावर शेकडो वर्षे स्त्रिया गात आहेत, त्यांच्यावर फुले पडत आहेत, आणि चार हात खाली, वादकांत, एकही नाही? त्या रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवसापासून मी व्हिएन्ना पाहिली ती या एका प्रश्नाच्या पाठीमागे जाऊन: या सुरांच्या नगरीत बायका होत्या तरी कुठे?

होत्या, आणि फार जवळ होत्या. राजवाड्यासमोर मिखाएलरप्लाट्झ नावाचा चौक आहे. तिथे पूर्वी बुर्गथिएटर हे दरबारी नाट्यगृह होते. ग्लुकचा ‘ऑर्फेओ’ १७६२ साली आणि हाच ‘फिगारो’ १ मे १७८६ रोजी प्रथम तिथे झाला. ते नाट्यगृह आज नाही. परंतु चौकाच्या कडेचे चर्च आणि त्याला लागून असलेली मोठी थोरली चाळवजा इमारत आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर या एकाच इमारतीत कोण कोण राहावे? पहिल्या मजल्यावर एक सरदारीणबाई, वर मेतास्तासिओ हा त्या काळचा सर्वांत मोठा ऑपेरा-कवी, पोर्पोरा नावाचे इटालियन गायनाचार्य, आणि अगदी वर, माळ्यावरच्या गळक्या खोलीत, विशीतला, खिशात दमडी नसलेला हायडन.

मेतास्तासिओ ज्या कुटुंबाबरोबर राहत होता, त्यांची लहानगी मुलगी मारियाना मार्टिनेस. जन्म १७४४ चा. कवीने तिची बुद्धी ओळखली आणि माळ्यावरच्या हायडनला तिची शिकवणी दिली. फी काय? दोन वेळचे जेवण! गाणे ती पोर्पोराकडे शिके, आणि तिथे साथीला पुन्हा हायडनच. अशी ही मुलगी मोठी झाली, गायली, वाजवू लागली आणि मुख्य म्हणजे रचना करू लागली. १७७३ साली इटलीतल्या बोलोन्या शहराच्या नामांकित संगीत अकादमीने तिला सभासद करून घेतले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. तीनच वर्षांपूर्वी चौदा वर्षांचा मोझार्ट त्याच अकादमीचा सभासद झाला होता. पुढे तिच्या घरच्या बैठकींना मोझार्ट येत असे आणि तिच्या शेजारी बसून एकाच वाद्यावर चार हातांनी वाजवीत असे. हे लिहून ठेवले आहे केली नावाच्या आयरिश गायकाने, जो ‘फिगारो’च्या पहिल्या खेळात स्वतः गायला होता.

परंतु मारियानाला कोणत्याही दरबारात वा चर्चमध्ये पगाराची जागा कधी मिळाली नाही. प्रतिष्ठित घरातल्या मुलीने पैशासाठी गाऊ नये, हा संकेत. तिने लग्न केले नाही. उतारवयात घरीच गाण्याची शाळा काढली आणि १८१२ साली वारली. मोझार्टचे घर पाहायला मोठी रांग होती. या इमारतीसमोर आम्ही तिघेच उभे होतो आणि खालच्या दुकानांत लोक खरेदी करीत होते.

दुसरी बाई मला सापडली ती स्मशानात. व्हिएन्नाच्या मोठ्या स्मशानभूमीत ७१ नंबरची ट्राम जाते. तिथे संगीतकारांचा वेगळा भाग आहे: बीथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स जवळजवळ विसावले आहेत आणि लोक फुले ठेवतात. त्याच भागात नानेट श्ट्रायखर या बाईंची समाधी आहे. या बाई पियानो बनवीत. बनवीत म्हणजे अक्षरशः! आऊग्सबुर्ग गावच्या स्टाइन नावाच्या प्रसिद्ध कारागिराची ही मुलगी. बापाच्या हाताखाली लाकूड, तारा, हातोड्या यांचे काम शिकली. बाप वारल्यावर १७९४ साली तिने कारखाना व्हिएन्नाला हलविला, आणि पुढे स्वतःच्या नावाने पेढी काढली. पियानोवर नाव काय घालत? ‘नानेट श्ट्रायखर, माहेरची स्टाइन’. यजमान विक्री, पत्रव्यवहार आणि शिकवण्या पाहत; कारखाना बाईंचा.

बीथोव्हेनची आणि या बाईंची चांगली ओळख होती. त्याला ऐकू येईनासे झाले होते, लग्न झालेले नव्हते, मोलकरणी टिकत नव्हत्या, आणि त्यात पुतण्याचा सांभाळ अंगावर आलेला. १८१७-१८ च्या सुमारास त्याने या बाईंना पत्रांमागून पत्रे लिहिली. अशी साठाहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत संगीताविषयी फारसे नाही हो! दोन नोकरांना दुपारी आणि रात्री काय आणि किती वाढावे, मांस किती वेळा द्यावे, धुणे, स्वयंपाकीण, घर लावणे, असले प्रश्न. जगातला एवढा मोठा माणूस, पण घर चालविणे म्हणजे काय हे त्याला एका बाईला विचारावे लागले. आणि याच काळात तो आपला एक प्रचंड पियानो-सोनाटा लिहीत होता. त्याला रोज गरम जेवण मिळावे म्हणून जिने कारखाना सांभाळून स्वयंपाकिणी शोधल्या, तिचा त्या सोनाट्यात काहीच वाटा नाही, असे कोण म्हणेल?

बीथोव्हेनने ऑपेरा एकच लिहिला, ‘फिदेलिओ’. लिओनोरा नावाची पतिव्रता. तिच्या नवऱ्याला एका दुष्ट अधिकाऱ्याने तळघरात कोंडले आहे. ती पुरुषाचा वेष घेते, ‘फिदेलिओ’ नाव धारण करून तुरुंगात नोकरी धरते आणि ऐन वेळी मारेकऱ्याच्या आड उभी राहून नवऱ्याला सोडविते. आपल्या सावित्रीने यमाशी वाद घातला. या बाईने हाती पिस्तूल घेतले, एवढाच फरक. पहिला खेळ २० नोव्हेंबर १८०५ रोजी झाला. आठवड्यापूर्वीच नेपोलियनचे सैन्य शहरात घुसले होते. शिल्लक प्रेक्षकांत फ्रेंच अधिकारीच फार. खेळ पडला. लिओनोराचे काम करणारी आना मिल्डर अवघी एकोणीस वर्षांची होती. १८१४ साली सुधारलेला खेळ यशस्वी झाला तेव्हाही लिओनोरा तीच. आणि १९५५ साली, जळालेले ऑपेरागृह पुन्हा बांधून झाले, परके सैन्य देशातून गेले, तेव्हा उद्घाटनाला लावला तो हाच ‘फिदेलिओ’. सगळ्या गावाने आपल्या सुटकेचा दिवस एका बाईच्या धैर्याच्या कथेने साजरा केला.

आता जी हकीकत सांगणार आहे, तिच्यासाठी हा लेख लिहिला म्हटले तरी चालेल. व्हिएन्नात ‘संगीतमित्र मंडळी’ची एक इमारत आहे. तिचे सोनेरी दालन जगप्रसिद्ध आहे. नववर्षाच्या सकाळची मैफल टीव्हीवर दिसते, ती तिथलीच. ही संस्था १८१२ सालची. ती निघाली कशी? त्या वेळी व्हिएन्नात ‘चांगल्या व उपयुक्त कार्याच्या उत्तेजनार्थ कुलीन स्त्रियांची मंडळी’ अशा लांबलचक नावाची एक संस्था होती. सरळ मराठीत सांगायचे तर महिला मंडळच! नोव्हेंबर १८१२ मध्ये या बायकांच्या पुढाकाराने राजवाड्याच्या घोडेस्वारीच्या दालनात धर्मादाय मैफल झाली. हॅन्डेलची मोठी रचना, आणि गाणारे-वाजविणारे पाचशेहून अधिक, त्यातले बहुतेक हौशी. या खटपटीत फॅनी फॉन आर्नश्टाइन या बाई पुढे होत्या. जन्माने बर्लिनच्या, धर्माने ज्यू. त्यांच्या घरची बैठक गावात नावाजलेली. मैफल इतकी रंगली की एवढे हौशी लोक पुन्हा पांगू नयेत म्हणून कायमची संस्था काढावी असे ठरले, आणि ‘संगीतमित्र मंडळी’ जन्मली. म्हणजे भगिनींनो, जगातल्या सर्वांत नामांकित संगीतसंस्थांपैकी एकीच्या पाळण्याची दोरी एका महिला मंडळाच्या हाती होती!

१८७० साली उघडलेले ते सोनेरी दालन आम्ही पाहिले. दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेल्या स्त्रीमूर्ती रांगेने उभ्या आहेत, डोक्यावर सज्जाचा भार घेतल्यासारख्या. आम्हांला दाखविणाऱ्या मुलीने लाकूड, छत, आवाज कसा घुमतो हे सारे सांगितले. मी मात्र त्या मूर्तींकडेच पाहत होते. भिंतीला टेकून भार वाहायला एवढ्या बाया. आणि समोरच्या मंचावर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक या संघात, १८४२ सालच्या पहिल्या मैफलीपासून दीडशे वर्षे एकीलाही सभासदत्व नाही.

दोष एकट्या संघाला कशाला द्यावा? घरोघरी तेच होते. गुस्ताव माहलर हा ऑपेरागृहाचा थोर संचालक. उशिरा येणाऱ्यांना मध्येच आत सोडायचे नाही, ही शिस्त त्याने लावली. त्याची वाग्दत्त वधू आल्मा स्वतः रचना करीत असे. लग्नापूर्वी, १९०१ च्या डिसेंबरात, त्याने तिला लांबलचक पत्र लिहून कळविले की, घरात संगीत रचणारा एकच असेल. तुझे काम यापुढे माझे संगीत हेच. तिने वह्या मिटल्या. नऊ वर्षांनी, संसार मोडू लागला तेव्हा, त्याने त्या वह्या उघडल्या, आपण केले ते चुकले हे जाणले आणि तिची पाच गाणी छापविली. पुढच्याच वर्षी तो वारला.

फिलहार्मोनिक संघात आना लेल्केश नावाच्या बाई १९७० नंतरच्या काळापासून हार्प वाजवीत होत्या. हार्प वाजविणारा चांगला पुरुष सहजी मिळत नसे, म्हणून त्या चालत! पाव शतक वाजविले. पण सभासदांच्या यादीत नाव नाही. अखेर देशात टीका झाली, अमेरिकेत संगीतकार स्त्रियांनी निदर्शनांची तयारी केली, आणि २७ फेब्रुवारी १९९७ रोजी संघाने ठराव करून दार उघडले. पहिली सभासद अर्थात आनाबाई. २०११ साली आल्बेना दानाइलोव्हा या पहिल्या स्त्री कॉन्सर्टमास्टर, म्हणजे वादकांच्या म्होरक्या, झाल्या. आणि १ जानेवारी २०२५ च्या नववर्षाच्या मैफलीत प्रथमच एका स्त्रीची रचना वाजली. ती कोन्स्टान्झे गायगर हिची, तिने लहान वयात, १८४८ च्या सुमारास लिहिलेली. दालन तेच आणि सोनेरी मूर्तीही त्याच. पण रचना वाजायला पावणेदोनशे वर्षे लागली.

हे सारे मनात घेऊन मी घरी आले आणि माळ्यावरची जुनी ट्रंक काढली. तीत आपल्या मंडळाची अगदी सुरुवातीची स्मरणिका होती. अध्यक्षीणबाईंचा फोटो, देणगीदारांची यादी, गाणाऱ्या मुलींची नावे, सगळे व्यवस्थित. माझी माईआत्या, तुमच्यातल्या वडीलधाऱ्या जणींना आठवत असेल, वर्षानुवर्षे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पेटीवर बसे. मंगळागौर असो, शारदोत्सव असो, मुलींच्या नाट्यगीतांच्या तालमी असोत. मी फ्रॉकमध्ये असताना तिच्या शेजारी बसून भाता मारायचा हट्ट करी. त्या स्मरणिकेत तिची नोंद कशी आहे? ‘पेटीची साथ: मंडळाची एक भगिनी’.

कोणी मुद्दाम केले नव्हते. तिनेच “माझं नाव कशाला?” म्हटले असेल. आपण सगळ्याच तसे म्हणतो. पण नाव लिहिले नाही की पुढच्या पिढीला वाटते, तिथे कोणी नव्हतेच. व्हिएन्नाच्या त्या इमारतीसमोर मारियानासाठी मी उभी राहिले ती कुणीतरी तिचे नाव लिहून ठेवले म्हणून.

म्हणून मी कार्यकारिणीला विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मानली. या स्मरणिकेच्या शेवटी एक वेगळी यादी आहे. पेटी, तबला, झांजा वाजविणाऱ्या, सतरंज्या घालणाऱ्या, चहा करणाऱ्या, पडदा ओढणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, ज्यांची ज्यांची नावे आठवली ती सारी, माहेर-सासरच्या नावांसकट. माईआत्याचे पूर्ण नाव तिथे प्रथमच छापून आले आहे. यादी अपुरी आहे, याची जाणीव आहे. आपल्या आईचे, सासूचे, शेजारच्या काकूंचे नाव राहिले असेल तर संकोच न करता कार्यालयातल्या वहीत लिहून यावे; शंभरीच्या स्मरणिकेत ते नक्की येईल. ती पाहायला मी नसेन, पण वही असेल.